वायरमधले तांबे मोजा

प्रति,
मा. नियंत्रक,
वैधमापन शास्त्र, महाराष्ट्र राज्य,
मुंबई

महोदय,

पेट्रोल पंपावर पाच लिटरचे माप लावून पाहणारे, आठवडी बाजारात काट्यावरचा शिक्का तपासणारे, गॅस सिलिंडर वजनाला चढवणारे निरीक्षक आपल्या विभागाचे. लोक त्यांना अजूनही वजनमापेवाले म्हणतात आणि त्यांचा वचक आहे. मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. ज्या मालाबद्दल हे पत्र लिहितो आहे, त्याला कुणी माप लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तो माल म्हणजे गाडीत ॲम्प्लिफायर जोडण्यासाठी विकली जाणारी पॉवर वायर आणि तिच्यासोबत येणारा फ्यूज. या मालात माप मारले तर गिऱ्हाइकाचे पैसे तर जातातच, पण गाडीही पेटू शकते. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघड.

पुण्याची नाना पेठ घ्या, मुंबईतला लॅमिंग्टन रोड किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड घ्या, नाहीतर कुठल्याही तालुक्याच्या गावी कार डेकोरवाल्याचे दुकान घ्या. तिथे ‘वायरिंग किट’ नावाची पाकिटे टांगलेली असतात. आत पाचेक मीटर जाड लाल वायर, अर्धा-एक मीटर काळी वायर, आरसीए केबल, बारीक निळी रिमोट वायर, प्लास्टिकचा होल्डर आणि त्यात काचेचा फ्यूज. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘४ गेज’, ‘८ गेज’ किंवा ‘० गेज’ आणि खाली दोन-अडीच हजार वॅटचा एखादा आकडा. आत धातू कोणता आहे आणि तो किती आहे, या दोन गोष्टी मात्र बहुतेक पाकिटांवर नसतात. वायर विकत घेताना कामाच्या गोष्टी याच दोन आहेत.

या वायरला एवढे महत्त्व का, ते आधी सांगतो. घरातली हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा ओढत नाही. गाडीत इंजिन चालू असताना जेमतेम १४ व्होल्ट असतात. तिथे खरोखर हजार वॅट देणारा क्लास-डी ॲम्प्लिफायर, त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी, पूर्ण जोरावर ९० अँपिअरच्या घरात जातो. जुन्या धाटणीचा क्लास-एबी असेल तर सव्वाशेच्या पुढे. हा प्रवाह बॉनेटखालच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत न्यायचा असतो. वाटेत इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा, दाराखालची पट्टी, कार्पेट, पुढच्या सीटचे रूळ आणि मागची सीट. बहुतेक हॅचबॅक गाड्यांत इंधनाची टाकी मागच्या सीटच्या खाली असते. लाल वायर तिच्या वरून किंवा शेजारून जाते.

अलीकडेच एका गिऱ्हाइकाने आणलेले ‘४ गेज’चे किट मी बाकावर घेऊन उघडले. वायर बाहेरून दहा मिलिमीटर जाड, हातात घेतली की दणकट वाटावी अशी. आवरणात सुरी घातली तर ती जातच राहिली. तीन मिलिमीटर जाडीचे मऊ प्लास्टिक, आणि त्याच्या पोटात चार मिलिमीटरचा तारांचा जुडगा. मी तारा मोजल्या, सुमारे तीनशे भरल्या. मायक्रोमीटरने एकेका तारेचा व्यास ०.२ मिलिमीटर आला. अशा एका तारेचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मिलिमीटर होते, तीनशेंचे ९.४. ‘४ गेज’ या आकड्याचा अर्थ अमेरिकन कोष्टकाप्रमाणे २१ चौरस मिलिमीटर. म्हणजे निम्मासुद्धा धातू नाही.

पुढे त्यातली एक तार ब्लेडने खरवडली. तांबूस रंग पात्यावर निघून आला आणि आत पांढरा धातू दिसला. लायटरच्या ज्योतीत धरल्यावर तार वाकून तुटली. शुद्ध तांबे तशा ज्योतीत लाल होते, टिकून राहते, कारण ते १०८५ अंशांना वितळते. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच हात टेकते. ही वायर ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली होती. बाजारात तिला सीसीए म्हणतात. अशा वायरची वीज वाहून नेण्याची क्षमता त्याच जाडीच्या तांब्याच्या ६० ते ६५ टक्के भरते. त्या हिशेबाने बाकावरच्या या ‘४ गेज’ वायरची किंमत तांब्यात केली तर ती सहा चौरस मिलिमीटरलाही पोचत नाही. एकवीस सांगून पावणेसहा दिले.

आपल्या विभागाला अधिक जवळचा हिशेब वजनाचा. २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची पाच मीटर वायर घेऊन तिचे आवरण काढले, तर नुसता धातू ९५० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. माझ्या बाकावरच्या पाच मीटर वायरमधला धातू दीडशे ग्रॅमच्या थोडा वर भरला. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, किराणा दुकानातला काटा पुरतो.

या फरकाचे गाडीत काय होते? पाच मीटर खऱ्या ४ गेज तांब्यातून ९० अँपिअर गेले की वाटेत साधारण ०.३७ व्होल्ट सांडतात आणि वायरमध्ये ३३ वॅट उष्णता होते. ती वायर कोमट होते, बस. या किटच्या वायरमधून तेवढेच अँपिअर गेले तर १.३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि उष्णता १२० वॅटच्या जवळ जाते. ती निघून जायला वाट नसते, कारण वर कार्पेट असते आणि भोवती तीन मिलिमीटर प्लास्टिक. गिऱ्हाईक येऊन सांगते, ‘बेस वाढवला की हेडलाइट मंद होतात, आवाज फाटतो.’ दुकानदार त्याला कपॅसिटर विकतो, मग मोठी बॅटरी विकतो. वायर तीच राहते.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा धरा. साध्या पीव्हीसी आवरणाची सोसण्याची हद्द ७० अंश असते. मे महिन्यात चंद्रपूरला किंवा नागपूरला पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आत ६० अंशांच्या वर तापमान जाते. म्हणजे गाणे सुरू होण्याआधीच आवरण आपल्या हद्दीजवळ पोचलेले असते. परदेशी कोष्टकात या वायरवर इतके अँपिअर चालतात असे लिहिलेले असले, तरी आपल्याकडे त्यातून काही वजा करूनच धरले पाहिजे.

आता फ्यूज. या सगळ्यात सर्वांत जास्त गैरसमज फ्यूजबद्दल आहे. गिऱ्हाइकाला वाटते, फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी असतो. ॲम्प्लिफायरचे स्वतःचे फ्यूज त्याच्या अंगावरच बसवलेले असतात. बॅटरीजवळ जो मोठा फ्यूज टाकतात, तो वायरसाठी असतो. वायर कुठे घासून, चिरडून बॉडीच्या पत्र्याला लागली, तर लहान बॅटरीसुद्धा त्यातून काही शे अँपिअर ओतते. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरचा तुकडा कुणाच्याच पहाऱ्यात नसतो. म्हणून तो तुकडा शक्य तितका आखूड ठेवायचा. जगभर कारागीर १८ इंचांचा, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरचा नियम पाळतात. मी एक फूटसुद्धा होऊ देत नाही. तरीही मी अशा गाड्या पाहतो, ज्यांत फ्यूज डिकीत ॲम्प्लिफायरच्या शेजारी बसवलेला असतो, ‘बदलायला सोपा पडतो’ म्हणून. त्या गाडीत बॅटरीपासून डिकीपर्यंतची सगळी वायर उघड्यावर आहे असे समजावे. असा फ्यूज वायरच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

फ्यूज किती अँपिअरचा घ्यायचा, याला दोन हद्दी आहेत. खालची हद्द ॲम्प्लिफायरच्या मागणीची. त्याच्या अंगावर ४० चे दोन फ्यूज असतील तर मागणी ८० ची समजायची. वरची हद्द वायरच्या ताकदीची. ती ओलांडायची नाही, काहीही झाले तरी. शुद्ध तांब्याच्या ८ गेजला, म्हणजे साडेआठ चौरस मिलिमीटरच्या आतल्या वायरला, पन्नास-साठचा फ्यूज. ४ गेजला शंभर ते सव्वाशे. ५३ चौरस मिलिमीटरच्या ० गेजला अडीचशेपर्यंत. मागणी वायरच्या ताकदीपेक्षा जास्त निघाली, तर फ्यूज वाढवायचा नसतो, वायर जाड घ्यायची असते. सगळी निवड एवढ्यावर उभी आहे.

महोदय, आपल्या विभागाचा या साऱ्याशी संबंध नेमका इथे येतो. एखादा जाणता कारागीर कोष्टक पाहतो. पाकिटावर ४ गेज लिहिले आहे, म्हणून तो १०० अँपिअरचा फ्यूज टाकतो. तो बॅटरीच्या शेजारी, नीट बसवतो. त्याने सगळे बरोबर केले. पण वायर प्रत्यक्षात पावणेसहा चौरस मिलिमीटर तांब्याच्या तोडीची आहे. तिला फार तर ४० चा फ्यूज हवा होता. आता ९० अँपिअर कितीही वेळ वाहिले तरी फ्यूज हलणार नाही, आणि वायर तापत राहील. पाकिटावरचा आकडा खोटा असला की सरळपणे काम करणारा माणूसही फसतो, आणि ज्याची गाडी आहे त्याला याचा पत्ताच नसतो.

वायर पत्र्याला पूर्ण भिडली तर बॅटरीजवळचा फ्यूज तत्काळ उडतो, त्याची मला तेवढी भीती नाही. अर्धवट दोष जास्त वाईट. आवरण एका जागी पातळ होऊन ओलाव्याने पाझरणारे, ॲम्प्लिफायरच्या आतला एखादा भाग बसलेला. अशा वेळी प्रवाह थोडाच वाढतो. १०० चा फ्यूज १०१ ला उडत नाही. गाड्यांतल्या पात्याच्या फ्यूजसाठी जी मानके आहेत, त्यांप्रमाणे दहा टक्के जादा प्रवाह त्याने शंभर तास सोसावा लागतो, आणि पस्तीस टक्के जादा प्रवाहावर त्याला उडायला दहा मिनिटेही लागू शकतात. यात फ्यूजचा दोष नाही, तो तसाच बनवायचा असतो. खरी २१ चौरस मिलिमीटरची वायर ती दहा मिनिटे निभावून नेते. बाकावरच्या त्या वायरमध्ये १३५ अँपिअरला अडीचशे वॅटच्या वर उष्णता होते, आणि काही मिनिटांत आवरण मऊ पडायला लागते. आवरण मऊ पडल्यावर तारा पत्र्यापर्यंत पोचतात.

‘आमच्याकडे वर्षानुवर्षे हेच किट जाते, कधी काही झाले नाही,’ असे दुकानदार सांगतील. ते खोटे बोलत नाहीत. संगीत सतत पूर्ण जोरावर वाजत नाही. ढोलाचा ठोका पडतो तेव्हा प्रवाह चढतो, मधल्या काळात उतरतो. सरासरी पूर्ण मागणीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमीच राहते. म्हणून खराब वायर महिनोन्‌महिने चालते. लग्नाच्या मोसमात कुणी तासभर बेस सोडून देतो, किंवा सीटच्या रुळाखाली वायर कापली जाते, तेव्हा तिचे खरे माप उघडे पडते. गाडी जळल्यावर पंचनाम्यात शॉर्टसर्किट लिहिले जाते. उरलेली वायर कुणी मोजत नाही. किट कुठल्या दुकानातून आले होते, हे कुणी विचारत नाही.

फ्यूजही मापात बसत नाहीत. किटसोबत येणारा काचेचा फ्यूज टोप्यांवरून दाबून धरलेला असतो. संपर्क ढिला पडला की फ्यूज न उडता होल्डरचे प्लास्टिकच वितळते. असे काळे पडलेले होल्डर माझ्या दुकानात नेहमीच येतात. बोल्टने आवळायचे एएनएल किंवा मिनी-एएनएल फ्यूज यापेक्षा कितीतरी चांगले. पण तेही सुटे, बिननावाचे मिळतात, आणि ६० आणि १०० असे वेगवेगळे आकडे छापलेल्या दोन फ्यूजमधली धातूची पट्टी सारख्याच जाडीची असते. त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून तारेचे वेटोळे घालून जोडून दिलेल्या गाड्याही येतात. तो कारागिराचा गुन्हा आहे आणि त्याची पाठराखण मी करणार नाही.

गेज हे माप मुळातच आपल्याकडचे नाही. अमेरिकन गेजमध्ये आकडा घटतो तशी वायर जाड होते, आणि ४ म्हणजे २१ चौरस मिलिमीटर. आपल्याकडे मोटर रिवाइंडिंगची दुकाने ब्रिटिशांचे एसडब्ल्यूजी वापरतात; त्यात ४ म्हणजे २७ चौरस मिलिमीटर. पाकिटावर यांपैकी कुठले, ते लिहिलेले नसते. मग माल बनवणाऱ्याला कुठलाही आकडा छापायला मोकळे रान मिळते. हीच वायर घराच्या भिंतीत घालायची असती तर? तिच्या आवरणावर थोड्याथोड्या अंतरावर कंपनीचे नाव, चौरस मिलिमीटर आणि आयएसआयची खूण छापलेली असती. घरात दहा-पंधरा अँपिअरच्या वायरवर एवढी काळजी घेतली जाते, आणि इंधनाच्या टाकीवरून शंभर अँपिअर नेणाऱ्या वायरवर एक शब्द नसतो, हे कुणालाही पटणार नाही.

कायदा आपल्या हाती आहे. वैधमापन अधिनियम २००९ मेट्रिक मापांचा आग्रह धरतो. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत, नियम ६ मध्ये, वस्तूचा आकार जिथे महत्त्वाचा असेल तिथे तिची परिमाणे पाकिटावर छापली पाहिजेत, असे म्हटले आहे. पॉवर वायरच्या बाबतीत वायरच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाइतके महत्त्वाचे दुसरे परिमाण नाही. नुसती लांबी छापून हा नियम पाळला गेला असे मानता कामा नये. ऑनलाइन विक्रीतही ही माहिती संकेतस्थळावर दाखवणे २०१८ पासून बंधनकारक झाले आहे. ही किट तर आता बहुतांशी तिथूनच येतात.

माझी मागणी साधी आहे. या वायरच्या प्रत्येक पाकिटावर आणि शक्य तिथे आवरणावरही धातूचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये छापले जावे. धातू शुद्ध तांबे आहे की तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम, ते मराठीत स्पष्ट लिहावे. गेज छापायचेच असेल तर या आकड्यांच्या खाली, बारीक अक्षरात छापावे. सीसीए वायरवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. ती हलकी असते, स्वस्त असते, आणि एक-दोन पायऱ्या जाड घेतली तर काम करते. पण ‘हे ॲल्युमिनियम आहे’ हे कळल्याशिवाय ती जाड घ्यायची बुद्धी गिऱ्हाइकाला होणार कशी?

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरचा वॅटचा आकडाही आपण पाहावा. ५००० वॅट छापलेल्या खोक्यातल्या ॲम्प्लिफायरवर ३० चे दोनच फ्यूज असतील, तर त्यात जास्तीत जास्त ६० अँपिअर जाणार. ६० गुणिले १३.८ म्हणजे ८२८ वॅट आत, आणि स्पीकरला साडेसहाशेच्या आसपास. पाच हजार येणार कुठून? अमेरिकेत उत्पादकांच्या संघटनेने २००३ मध्ये यासाठी मोजणीची ठरावीक पद्धत आखून दिली: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, एक टक्क्यापर्यंत विकृती. उत्पादकांवर ती सक्तीची नाही, पण तिच्यामुळे प्रामाणिक आकडा ओळखता तरी येतो. आपल्याकडे तसे काही होईपर्यंत खोक्यावरचे वॅट बाजूला ठेवून फ्यूज मोजावेत, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

हे पत्र गाडीवाल्यांच्याही वाचनात येईल, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. किटच्या वायरबद्दल शंका असेल तर ती घेऊच नका. इलेक्ट्रिकलच्या चांगल्या दुकानात आयएसआयची वेल्डिंग केबल मीटरवर मिळते: १६, २५, ३५ चौरस मिलिमीटर. तांब्याची मागा, कारण ॲल्युमिनियमचीही येते. बारीक तारांची असल्यामुळे ती लवचीक असते, आणि तिच्यावर लिहिलेले माप खरे असते. २५ ची तांब्याची केबल आणि १०० ते १२५ चा फ्यूज यावर सर्वसाधारण हजार वॅटची जोडणी निश्चिंत चालते. काळी वायरसुद्धा लाल वायरइतकीच जाड हवी, कारण जेवढा प्रवाह जातो तेवढाच परत येतो. ती अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर, स्वतंत्र बोल्टने आवळा. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. इंजिनकडच्या पत्र्यातून वायर जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट बसवलेला आहे की नाही, ते गाडी ताब्यात घेताना स्वतः वाकून पाहा. दोन ॲम्प्लिफायर असतील आणि मागे वायर फुटून बारीक होत असेल, तर प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज लागतो. डिकीत दुसरी बॅटरी ठेवली तर तिच्याजवळही फ्यूज लागतो, कारण वीज आता दोन्ही टोकांकडून येते. आणि काम झाल्यावर अर्धा तास जोरात वाजवून वायरला, तिच्या टोकाच्या लगला आणि फ्यूजच्या होल्डरला हात लावून पाहा. हात ठेवता येत नसेल तर गाडी घरी नेऊ नका.

नवखे कारागीर बांधव हे वाचत असतील, तर त्यांना एवढेच सांगतो की एक मायक्रोमीटर घ्या. नवी वायर आली की टोकाचा इंचभर तुकडा कापून तारा मोजा, एक खरवडून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. त्या मापावरून फ्यूज निवडा आणि बिलावर वायरचे चौरस मिलिमीटर, धातू आणि फ्यूजचे अँपिअर लिहून द्या. पुढे कुणी ॲम्प्लिफायर बदलला तर नव्या कारागिराला वायरची हद्द त्या बिलावरून कळेल.

महोदय, दुकानदारांवर सरसकट धाडी पडाव्यात अशी माझी इच्छा नाही. माल पाकीटबंद येतो, आणि बहुतेकांनी तो कधी सोलून पाहिलेला नसतो. तपासणी घाऊक व्यापारी आणि आयातदार यांच्यापासून सुरू व्हावी. दहा-बारा वेगवेगळ्या छापांची किट विकत आणून, कापून, वजन करून त्यांचे निकाल विभागाने नावानिशी जाहीर केले, तर निम्मे काम तिथेच होईल. तोवर फसलेल्या गिऱ्हाइकाने पक्के बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, असे मी सांगत राहीन. मापे कशी घेतली ते दाखवायला आपल्या कुठल्याही निरीक्षकाबरोबर मी स्वखर्चाने, माझी अवजारे घेऊन यायला तयार आहे.

आपल्याकडे नव्या गाड्या दसरा-दिवाळीला घरी येतात आणि त्यांत म्युझिक सिस्टीम बसवून घ्यायची गर्दीही त्याच दिवसांत असते. पहिली तपासणी यंदाच्या दसऱ्याआधी व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ऑटो वायरमन,
पुणे